वस्तीतले काम कसे उभे करावे: ठाणे आणि नवी मुंबईतील नव्या स्वयंसेवी गटांसाठी

नऊ वर्षांपूर्वी पाचपाखाडीतील आम्ही सहा शेजारी गणेशोत्सव संपल्यानंतरच्या रविवारी घराजवळच्या तलावाचा काठ साफ करायला उतरलो. घरातलीच घमेली आणि झाडू घेतले होते. दुपारपर्यंत आम्ही चाळीस गोण्या भरून निर्माल्य आणि प्लॅस्टिक बाहेर काढले, परंतु त्या गोण्या कोण उचलणार, कधी उचलणार आणि कुठे नेणार, हे कोणालाही विचारलेले नव्हते. गोण्या पाच दिवस काठावरच राहिल्या, कुत्र्यांनी त्या फाडल्या आणि शुक्रवारी रात्री आलेल्या पावसाने त्यांतले निम्मे पुन्हा पाण्यात नेऊन सोडले. पुढच्या रविवारी सहांपैकी दोघेच आले.

त्यानंतर आम्ही जे शिकत गेलो, ते नव्याने गट उभा करणाऱ्यांना सुरुवातीलाच माहीत असावे, एवढ्यासाठी हे लिहिले आहे. मी पाहिलेले बहुतेक गट लोकांच्या अनास्थेमुळे बंद पडलेले नाहीत. परवानगी, पैसा, जागा आणि जबाबदारी या साध्या गोष्टी आधी ठरवल्या नाहीत म्हणून ते बंद पडले, आणि याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्यांतल्या कित्येकांकडे आमच्यापेक्षा अधिक मनुष्यबळ होते.

१. एक काम, एक जागा आणि एक वार ठरवा

पहिल्या बैठकीत प्रत्येक जण वेगळी कल्पना घेऊन येतो: कोणाला झाडे लावायची असतात, कोणाला मुलांसाठी अभ्यासिका हवी असते, तर कोणाला रक्तदान शिबिर घ्यायचे असते. या सर्व कल्पना वहीत लिहून ठेवा, पण पहिले सहा महिने त्यांतील एकच काम हाती घ्या. ते काम करण्याची जागा शक्यतो सर्वांच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असावी. घोडबंदर रस्त्यावर राहणारे स्वयंसेवक दर आठवड्याला कळव्याला जाऊन शिकवतील, असे पहिल्या उत्साहात वाटते. पावसाळा आला आणि रस्ता कोंडला की ते थांबते.

वार आणि वेळ एकदा ठरली की बदलू नका. आमचा रविवार सकाळी साडेसहा ते साडेआठ हा वेळ ठरलेला आहे. पाऊस असला तरी निदान दोघे जण जाऊन जागा पाहून येतात. या नियमितपणामुळेच तलावावर फिरायला येणारे लोक आम्हाला ओळखू लागले आणि त्यांतूनच आमचे निम्मे स्वयंसेवक मिळाले.

२. महिनाभर वस्ती पाहा आणि विचारा

काम ठरवण्यापूर्वी वेगवेगळ्या वेळी वस्तीतून फिरा. सकाळी सातला, दुपारी दोनला आणि रात्री नऊला एकच गल्ली तीन वेगळ्या अडचणी दाखवते. सफाई कामगार, घंटागाडीवरचे कर्मचारी, अंगणवाडी सेविका, आशाताई, किराणा दुकानदार आणि बालवाडीबाहेर थांबलेल्या आया यांच्याशी बोला, कारण वस्तीची दैनंदिन माहिती त्यांच्याकडे असते. विचारताना 'आम्ही तुमच्यासाठी काय करू' असे विचारू नये, कारण त्यावर लोक संकोचाने काहीतरी सांगतात. 'गेल्या महिन्यात कोणत्या कामासाठी तुमचा खाडा झाला', 'पाणी कधी येते', 'मुले संध्याकाळी कुठे बसतात' असे नेमके प्रश्न विचारावेत.

किसननगरच्या जुन्या इमारतींमध्ये आम्ही कपडे वाटण्याच्या विचाराने गेलो होतो. तिथे बोलल्यावर कळले की कपड्यांची गरज फारशी कोणालाच नाही. अर्ज भरणे, दाखले काढणे आणि बँकेतील कामे यांसाठी मात्र वृद्ध माणसे दिवसाची मजुरी बुडवून मुलांना सोबत नेत होती. तोवर आम्ही आवाहन करून जुने कपडे गोळा केले होते. एका सदस्याची खोली छतापर्यंत भरली आणि त्यात एकाच पायाचे बूट, फाटक्या चादरी आणि ओलसर स्वेटर निघाले. ते सारे निवडून मार्गी लावण्यात आमचे पाच रविवार गेले. वस्तू गोळा करण्याचे आवाहन गरज ठरल्यानंतर, वस्तूचे नाव आणि संख्या लिहूनच करावे.

३. जागा नेमकी कोणाची आहे ते शोधा

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी हीच आहे. आपल्या भागात एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या यंत्रणांच्या ताब्यात असू शकतात, आणि चुकीच्या कार्यालयात दिलेले पत्र कितीही चांगले लिहिलेले असले तरी महिनाभर तिथेच पडून राहते.

ठाण्यात मासुंदा, कचराळी, उपवन यांसारखे तलाव, उद्याने आणि शहरातील बहुतेक रस्ते यांच्यासाठी महापालिकेकडे जावे लागते. येऊरचा डोंगर मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे तिथे वन विभागाची परवानगी लागते. बिया टाकणे किंवा प्राण्यांसाठी पाणी ठेवणे हेही स्वतःच्या मनाने करू नये. रेल्वेरुळांलगतची जागा आणि फलाट रेल्वेचे असतात.

नवी मुंबईत ही गुंतागुंत अधिक आहे. शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० सालची आणि नवी मुंबई महापालिकेचा कारभार १९९२ पासूनचा, त्यामुळे एकाच सेक्टरमध्ये उद्यान महापालिकेकडे आणि शेजारचा रिकामा भूखंड अजून सिडकोकडे, असे सर्रास आढळते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेकडील औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीकडे चौकशी करावी लागते, आणि गावठाणांमधील मोकळ्या जागांबाबत ग्रामस्थांशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नये, कारण तिथले तलाव, देवळे आणि मैदाने यांच्याशी आगरी-कोळी कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे.

खाडीकाठासाठी स्वतंत्र सावधगिरी हवी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कांदळवनात सफाई करायची असेल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी आधी संपर्क साधावा, भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि ओहोटी लागल्यावरच उतरावे. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे दिसतात. त्या मुळांवाटे झाड श्वास घेते. पन्नास उत्साही माणसे एकाच वेळी त्यांवरून चालली तर कचऱ्यापेक्षा जास्त नुकसान होते. म्हणून तिथे आठ-दहा जणांच्या तुकड्या कराव्यात, स्थानिक कोळी बांधवांना सोबत घ्यावे आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेनेच जावे.

४. परवानगीचे पत्र द्या आणि पोच घ्या

ठाण्यात प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांच्या नावे आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयाच्या विभाग अधिकाऱ्यांच्या नावे पत्र लिहावे. झाडांसाठी प्रत उद्यान विभागाला, कचऱ्यासाठी घनकचरा व्यवस्थापन विभागाला द्यावी. पत्र एका पानाचे असावे आणि त्यात कामाची जागा, तारीख, वेळ, स्वयंसेवकांची अंदाजे संख्या, दोन संपर्क क्रमांक आणि पालिकेकडून नेमके काय हवे आहे, एवढेच असावे. 'सहकार्य करावे' असे लिहिल्याने कोणालाच काही कळत नाही. 'सकाळी नऊ वाजता गोळा झालेला सुमारे तीस गोण्या कचरा उचलण्यासाठी एक गाडी मिळावी' असे लिहिले तर ते पत्र योग्य माणसाकडे जाते.

पत्र आवक-जावक खिडकीवर द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. त्यानंतर त्या भागाच्या स्वच्छता निरीक्षकांना आणि मुकादमांना प्रत्यक्ष भेटावे. कागद वरून खाली यायला वेळ लागतो, पण रविवारी गाडी कोणत्या फेरीत वळवता येईल हे मुकादमांना ठाऊक असते. त्यांना आदराने विचारले आणि आपल्या कामामुळे त्यांचे काम वाढणार नाही याची खात्री दिली, तर ते आपले सर्वांत भक्कम सहकारी होतात.

ध्वनिक्षेपक लावायचा असेल, मंडप घालायचा असेल किंवा रस्त्यावर गर्दी होणार असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्याची वेगळी परवानगी लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना फलक, टेबल आणि सार्वजनिक कार्यक्रम यांबाबत आधी लेखी विचारणा करावी.

५. माणसांची वाटणी आणि हजेरीवही

सुरुवातीला चार जबाबदाऱ्या पुरतात: समन्वय, हिशेब, साहित्य आणि सुरक्षितता. प्रत्येक जबाबदारीसाठी एक मुख्य आणि एक पर्यायी व्यक्ती असावी, म्हणजे कोणी गावी गेले किंवा घरी आजारपण आले तरी काम अडत नाही. हजेरीवहीत नाव, फोन क्रमांक, रक्तगट आणि तातडीच्या वेळी कळवायचा दुसरा क्रमांक लिहावा.

नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी ठोस काम द्यावे. आलेला माणूस अर्धा तास हात बांधून उभा राहिला तर तो पुन्हा येत नाही, हे मी फार वेळा पाहिले आहे.

६. साहित्य आणि सुरक्षितता

तलाव किंवा रस्त्याच्या सफाईसाठी वीस जणांच्या गटाला पुढील साहित्य पुरते: जाड रबरी हातमोजे, आठ-दहा गमबूट, चार फावडी, सहा घमेली, लांब दांड्याचे चार झाडू, दोन विळे, कचरा उचलण्याचे लांब चिमटे, लांब काठीला बांधलेली जाळी, रिकाम्या गोण्या, सुतळी, प्रथमोपचार पेटी, साबण आणि पिण्याचे पाणी. पाणी मोठ्या पिंपातून आणि घरच्या पेल्यांतून द्यावे.

काही नियमांत कधीही सूट देऊ नका. पाण्यात गुडघ्यापेक्षा खोल कोणीही उतरायचे नाही. पायाला जखम असलेल्याने पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात जायचे नाही, कारण उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होते. अशा पाण्याशी संपर्क आल्यानंतर ताप आला तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे आणि पाण्यात उतरल्याचे सांगावे. सुया, इंजेक्शने आणि फुटलेली काच हाताने उचलायची नाही. ती जागा खुणेने दाखवून पालिकेच्या कर्मचाऱ्यांना सांगावी.

गटार किंवा मॅनहोलचे झाकण उघडून आत उतरणे, तसेच पैसे देऊन दुसऱ्या कोणाला उतरवणे, हे कोणत्याही कारणाने करू नका. हाताने मैला सफाई करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि विषारी वायूमुळे उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो व त्याला वाचवायला उतरलेलेही जिवाला मुकतात.

७. पैशांचे व्यवहार पहिल्या रुपयापासून लिहा

आमच्या दुसऱ्या वर्षी वर्गणी एका सदस्याच्या वैयक्तिक खात्यावर जमा होत असे. त्याच खात्यातून त्याच्या घराचे वीजबिल आणि मुलांची फीसुद्धा जात होती. वर्षअखेरीस ४,३०० रुपयांचा मेळ लागेना. तो सदस्य अत्यंत प्रामाणिक होता आणि शेवटी फरकही सापडला, कारण हातमोज्यांची दोन बिले नोंदवायची राहिली होती. परंतु ते सापडेपर्यंतच्या तीन आठवड्यांत त्याला जे सोसावे लागले, ते आम्हाला आधीच टाळता आले असते.

म्हणून पुढील पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवावी. छापील अनुक्रमांक असलेले पावतीपुस्तक वापरावे आणि पन्नास रुपयांचीही पावती द्यावी. खर्च करणारा आणि हिशेब लिहिणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. प्रत्येक बिलामागे तारीख, काम आणि खर्च करणाऱ्याची सही असावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च सर्व सदस्यांना कळवावा. सुरुवातीच्या काळात शक्य असेल तर बाहेरून पैसे घेऊच नयेत. सदस्यांनी आपसांत ठरावीक रक्कम काढून साहित्य विकत घ्यावे.

कायद्याच्या दोन बाबी नव्या गटांना ठाऊक नसतात. नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय हेतूसाठी लोकांकडून सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातील कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. दुसरी बाब परदेशातील नातेवाइकांची आहे. ऐरोली-वाशीत घरटी कोणीतरी परदेशात असते आणि ते आपुलकीने पैसे पाठवू इच्छितात. परंतु देणगीदाराने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर तो मूळचा भारतीय असला तरी त्याची देणगी परकीय अंशदान ठरते आणि परकीय अंशदान नियमन अधिनियम, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती स्वीकारता येत नाही.

८. नोंदणी कधी आणि कशी करावी

रविवारची सफाई, शिकवणी किंवा अर्ज भरून देणे यांसाठी नोंदणीची गरज नाही. गट वर्षभर टिकला, बँकेत स्वतंत्र खाते हवे झाले आणि देणग्या घेण्याची वेळ आली, की नोंदणी करावी. त्याआधी केलेली नोंदणी कागदांची जबाबदारी वाढवते.

महाराष्ट्रात सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्यांची संस्था नोंदवली जाते आणि तिची नोंद सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही होते. दोन्हींसाठी धर्मादाय कार्यालयाकडेच जावे लागते आणि जिल्ह्याचे हे कार्यालय ठाण्यातच आहे. साधारणपणे पुढील कागदपत्रे तयार ठेवावीत:

– संस्थेची तीन-चार पर्यायी नावे, कारण पहिले नाव बहुधा आधीच कोणी घेतलेले असते
– संस्थेचे उद्दिष्टपत्र आणि नियमावली
– सर्व संस्थापक सदस्यांची ओळखपत्रे, पत्त्याचे पुरावे आणि छायाचित्रे
– नोंदणीकृत पत्त्याच्या जागेचे वीजबिल किंवा करपावती आणि जागामालकाचे ना हरकत पत्र
– संस्था स्थापन करण्याचा व पदाधिकारी निवडीचा सह्यांसह ठराव
– अर्ज करण्याचा अधिकार देणारे पत्र आणि आवश्यक प्रतिज्ञापत्रे

उद्दिष्टे लिहिताना दुसऱ्या संस्थेची नियमावली जशीच्या तशी उतरवू नका. गोशाळेपासून रुग्णालयापर्यंत सर्व काही उद्दिष्टांत घातलेले गट मी पाहिले आहेत. प्रत्यक्ष काम आणि कागद यांत मेळ नसला की पुढे प्रत्येक टप्प्यावर खुलासे द्यावे लागतात.

नोंदणीनंतर संस्थेच्या नावे पॅन काढावा, दोन सह्यांनी चालणारे खाते उघडावे आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे. पदाधिकारी किंवा पत्ता बदलला तर त्याचा फेरफार अहवाल ९० दिवसांच्या आत दाखल करावा लागतो. हा अहवाल राहून गेल्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे, कित्येकदा हयातही नसलेले पदाधिकारी कागदोपत्री चालू राहतात, आणि मग बँकेतील सही बदलणेही अशक्य होऊन बसते. देणगीदारांना देणगीवर आयकरात सवलत मिळावी यासाठी आयकर विभागाकडे वेगळी नोंदणी लागते, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही.

९. चार कामे आणि त्यांतील बारकावे

निर्माल्य. आपल्या दोन्ही शहरांत गणेश विसर्जनासाठी कृत्रिम तलाव केले जातात, आणि स्वयंसेवकांची खरी गरज तिथेच भासते. घरून आणलेले निर्माल्य बहुधा घट्ट गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. गाठ सोडली की आत दूर्वा, जास्वंद, विड्याची पाने, अर्धवट जळलेल्या वाती, थर्माकोलचा तुकडा आणि जरीची माळ, सारे ओले होऊन एकत्र चिकटलेले असते. हे नंतर निवडणे फार कष्टाचे आहे. म्हणून टेबल विसर्जनाच्या रांगेच्या सुरुवातीला लावावे आणि पिशवी आणणाऱ्यालाच नम्रपणे ती रिकामी करायला सांगावी: फुले-पाने एका पिंपात, प्लॅस्टिक व जरी दुसऱ्यात, कापड तिसऱ्यात. हे बहुधा प्रत्येक कुटुंबातील लहान मूल पुढाकार घेऊन करते. श्रद्धेचा विषय असल्याने पिंप स्वच्छ असावे, पायात येईल असे ठेवू नये आणि स्वयंसेवकाने आवाज चढवू नये.

झाडे. आम्ही पहिल्या वर्षी जुलैमध्ये साठ रोपे लावली आणि पुढच्या मे महिन्यात त्यांतली अकरा जिवंत होती. लावण्याच्या दिवशी सत्तर माणसे होती; मार्चमध्ये पाणी घालायला चौघे होते. आता आम्ही जेवढ्या रोपांना किमान दोन उन्हाळे पाणी देणारी कुटुंबे मिळतात, तेवढीच रोपे लावतो आणि रोपाच्या पिंजऱ्याला त्या कुटुंबाचा इमारत क्रमांक बांधतो. खड्डे मे महिन्यातच दोन फूट लांब, रुंद आणि खोल खणून तापू द्यावेत. करंज, बहावा, ताम्हण, बकुळ, कडुनिंब अशी आपल्या मातीत रुजणारी झाडे निवडावीत. वरून विजेच्या तारा आणि खालून जलवाहिनी जात नाही ना, हे उद्यान विभागाला विचारूनच जागा ठरवावी. बुंध्याभोवती सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नयेत. जुन्या झाडाची फांदी धोकादायक वाटली तरी ती परस्पर तोडू नये; शहरी भागातील झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून मिळते.

रक्तदान. शिबिराची तारीख स्वतःच्या सोयीने न ठरवता परवानाधारक रक्तपेढीला विचारून ठरवावी. मे महिन्याच्या सुट्ट्यांत आणि दिवाळीच्या सुमारास दाते गावी गेलेले असतात आणि तुटवडा जाणवतो. त्या वेळी झालेले चाळीस दात्यांचे शिबिर इतर वेळच्या शंभर दात्यांच्या शिबिराइतके उपयोगी पडते. लाल रक्तपेशी सुमारे ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स मात्र पाचच दिवस, त्यामुळे एकाच दिवशी फार मोठा साठा करण्याला मर्यादा आहे. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना प्लेटलेट्सची मागणी वाढते, तर थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना वर्षभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. ज्यांना डॉक्टर नकार देतात त्यांचा मान राखावा, त्यांना चहा-बिस्किटे देऊन बसवावे. स्त्री दात्यांमध्ये हिमोग्लोबिन कमी निघण्याचे प्रमाण आमच्या शिबिरांत बरेच असते, तेव्हा त्यांना तपासणीचा कागद देऊन पालिकेच्या आरोग्य केंद्रात जायला सांगणे हेही शिबिराचेच काम आहे. महागड्या भेटवस्तूंचे आमिष दाखवू नका, कारण वस्तूसाठी आलेला माणूस आजार लपवू शकतो.

अर्ज आणि दाखले. हे काम छायाचित्रांत दिसत नाही, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक उपयोगी हेच आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, निळ्या शाईची पेने, गोंद, छायाप्रतीच्या दुकानाचा पत्ता आणि मोबाइल एवढे साहित्य पुरते. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पहिल्याच वर्षी आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, ज्यांनी तीस वर्षे लोकांकडे धुणीभांडी केली होती आणि आता त्यांना पतीचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत होते. यंत्रावर त्यांनी दहाही बोटे आळीपाळीने ठेवून पाहिली. रेषाच झिजून गेल्यामुळे ठसा उमटत नव्हता. प्रत्येक वेळी त्या पदराला बोट पुसून पुन्हा ठेवत होत्या. मोबाइलवरून चेहरा दाखवून हा दाखला देण्याची सोय आता आहे, आणि ते काम दहा मिनिटांत होते. ती सोय आहे हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेसाठी वय ६५ पूर्ण असल्याचा पुरावा, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असल्याचा दाखला, राज्यात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा पुरावा, शिधापत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. अर्ज तहसील कार्यालयात जातो. अर्ज भरून देताना अर्जदाराच्या आधारची प्रत आपल्याकडे ठेवू नये, ओटीपी विचारू नये, तो त्यांच्याच हाताने टाकू द्यावा, आणि कामाचे पैसे किंवा मिठाईसुद्धा स्वीकारू नये. मंजुरीची खात्री कधीही देऊ नये. 'अर्ज पूर्ण भरला आहे, निर्णय कार्यालय घेईल' एवढेच म्हणावे.

१०. मुले आणि छायाचित्रे

मुलांना शिकवायचे असेल तर वर्ग दार उघडे असलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशा जागी घ्यावा, किमान दोन प्रौढ कायम हजर असावेत आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. एखाद्या मुलाच्या बोलण्यातून लैंगिक छळाची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. गटात चर्चा करून ते प्रकरण मिटवण्याचा अधिकार कोणालाही नाही. बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८ प्रत्येक स्वयंसेवकाकडे असावा.

मदत स्वीकारणाऱ्या माणसाचे छायाचित्र काढू नका. वही घेताना मान खाली घातलेल्या मुलाचे छायाचित्र त्याच्या वर्गमित्रांपर्यंत पोहोचते, आणि मग ते मूल वर्गात यायचे थांबते. आमच्याकडे असे एकदा घडले. ती मुलगी परत आली नाही. त्यानंतर आम्ही केवळ जागेची, कामाची आणि स्वयंसेवकांची छायाचित्रे घेतो.

११. पाठपुरावा कसा करावा

जे काम पालिकेचे आहे ते कायमचे स्वतःच्या अंगावर घेऊ नका. तुटलेली कचरापेटी, बंद दिवा, फुटलेली जलवाहिनी यांची तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहावा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे. वारंवार विचारूनही उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात 'का केले नाही' असे विचारू नये. 'अमुक रस्त्याच्या सफाईच्या ठेक्याची प्रत आणि गेल्या तीन महिन्यांच्या हजेरीपटाची प्रत मिळावी' अशी कागदांची मागणी करावी. मात्र संवादाचे सर्व मार्ग संपल्यावरच हा अर्ज करावा, कारण ज्या निरीक्षकांशी आपल्याला दर रविवारी बोलायचे आहे, त्यांना आधी सांगून केलेला अर्ज आणि न सांगता केलेला अर्ज यांत फार फरक पडतो.

नगरसेवक आणि सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांना कामाची माहिती द्यावी, पण गटाच्या फलकावर कोणाचेही छायाचित्र छापू नये.

१२. वही पुढच्या हाती द्या

दोन वर्षांनी समन्वयक बदलावा, असा ठराव पहिल्याच सभेत करून इतिवृत्तात लिहावा. जबाबदारी सोपवताना एका धारिकेत पुढील गोष्टी द्याव्यात: पोच घेतलेल्या सर्व पत्रांच्या प्रती, हजेरीवही, जमाखर्चाची वही आणि बिले, साहित्याची यादी व ते कोणाच्या घरी आहे याची नोंद, तसेच स्वच्छता निरीक्षक, मुकादम, उद्यान विभाग, रक्तपेढी आणि पोलीस ठाणे यांचे संपर्क. नव्या समन्वयकाला या प्रत्येकाकडे स्वतः सोबत घेऊन जावे आणि ओळख करून द्यावी. आमच्या गटाची वही गेल्या जूनमध्ये तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या हाती गेली. यंदाची समन्वयक बावीस वर्षांची आहे, आणि तिने सर्वांत आधी मुकादमांना फोन करून रविवारच्या गाडीची वेळ विचारून घेतली.